एका रिसीव्हरनं भागत नाही

मोहालीच्या सेक्टर 81 मध्ये नॉलेज सिटी आहे. पुण्याच्या आयसरनंतर वर्षभरानं, 2007 मध्ये सुरू झालेली आयसर मोहाली ही विज्ञान संस्था याच आवारात आहे. चंदीगढचा विमानतळ इथून जवळच. त्याची नवी टर्मिनल इमारत 2015 पासून मोहालीच्याच बाजूला उभी आहे. रेडिओचा छंद असणाऱ्याला अशी जागा भुरळ घालणारच.

उतरणाऱ्या विमानाचा वैमानिक एकाच कंट्रोलरशी बोलत नाही. मोठ्या विमानतळावर तो आधी ॲप्रोचशी बोलतो, मग टॉवरशी, धावपट्टी सोडली की ग्राउंडशी, आणि दर टप्प्याला फ्रिक्वेन्सी बदलते. हे सगळं 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तेही जुन्या एएम पद्धतीनं. त्यामागे सुरक्षेचा विचार आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस लहर दुसरीला गिळून टाकते. एएमवर दोन्ही लहरी मिसळून शिट्टी वाजते आणि आणखी कुणीतरी बोलत होतं, हे कंट्रोलरला कळतं.

अमेरिकेत घरोघरचे छंदिष्ट हे बोलणं स्कॅनरवर ऐकतात. स्कॅनर सेकंदाला पन्नास-शंभर चॅनेल चाळतो आणि कुठे लहर सापडली की तिथे थांबतो. थांबला की बाकीच्या चॅनेलना तो बहिरा. टॉवरवरचं ऐकत असताना ॲप्रोचवर काय बोललं गेलं, ते कायमचं हुकतं. म्हणून मुरलेला छंदिष्ट एक संच चाळायला ठेवतो आणि महत्त्वाच्या फ्रिक्वेन्सीवर दुसरा कायमचा रोवून ठेवतो. याला हौसेचा पसारा म्हणणाऱ्यांनी एकदा एकाच स्कॅनरवर तासभर ऐकून पाहावं.

एकाहून जास्त रिसीव्हर लागण्याचं दुसरं कारण अँटेनाचं. लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश ही उभ्या अँटेनाची साधी मोजणी. विमानं आपली जागा, उंची आणि वेग 1090 मेगाहर्ट्झवर सतत कळवत असतात. त्यासाठी सात सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या 145.800 मेगाहर्ट्झला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त तार लागते. शॉर्टवेव्हला तर गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकच अँटेना दोन रिसीव्हरना वाटून द्यावी, तर एका नळाला दोन फाटे काढल्यासारखं होतं: प्रत्येकाला निम्मीच शक्ती मिळते. मग मध्ये ॲम्प्लिफायर घाला. तो घातला की जवळचं एफएम केंद्र इतकं जोरात घुसतं की दुबळे संदेश बुडतात, म्हणून 88 ते 108 मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर घाला. त्यापेक्षा प्रत्येक कामाला आपला रिसीव्हर आणि आपली अँटेना बरी. हे परवडू लागलं 2012 च्या सुमारास. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून कच्च्या रेडिओलहरी थेट संगणकात घेता येतात, हे तेव्हा जाणकारांच्या ध्यानात आलं, आणि रिसीव्हरचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करू लागलं.

भारतात मात्र काय ऐकावं याला मर्यादा आहे आणि ती पाळलीच पाहिजे. बिनतारी यंत्र बाळगण्यावर 1933 पासून परवान्याचं बंधन होतं. साध्या रेडिओचीही फी पोस्टात भरावी लागे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. आज 2023 च्या दूरसंचार कायद्यातही दुसऱ्याचं संभाषण अनधिकृतपणे टिपणं हा गुन्हा आहे. चंदीगढची धावपट्टी तर हवाई दलाची. मे 2025 मध्ये देशातले 32 विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीला बंद राहिले, त्यात चंदीगढही होतं. अशा गावात टॉवरचं बोलणं ऐकण्याची हौस सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इथला राजमार्ग हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याचा. वयाच्या बाराव्या वर्षापासून परीक्षा देता येते.

आणि खरं सांगायचं तर या वाटेवर दुसऱ्या रिसीव्हरची गरज अधिकच भासते. 5 मे 2005 रोजी इस्रोनं श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी6 मधून कार्टोसॅट-1 बरोबर हॅमसॅट हा उपग्रह सोडला. वजन जेमतेम 42.5 किलो. त्यात दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतीय बनावटीचा आणि दुसरा एका डच विद्यार्थ्यानं बनवलेला. हॅम मंडळी 435 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायची आणि उपग्रह तेच 145 मेगाहर्ट्झच्या आसपास खाली पाठवायचा. उपग्रह वेगानं धावतो, त्यामुळे डॉप्लर परिणामानं फ्रिक्वेन्सी क्षणोक्षणी सरकत राहते. आपला आवाज नेमका कुठे उतरतोय हे बोलता बोलताच ऐकावं लागतं. त्यासाठी पाठवणारा संच वेगळा, ऐकणारा वेगळा. दोन वर्षांसाठी बनवलेला हॅमसॅट जुलै 2014 पर्यंत चालला. देशाच्या अवकाश संस्थेनं सामान्य हौशी माणसांसाठी एक उपग्रह वर ठेवावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अवकाश स्थानक मात्र अजून डोक्यावरून जातं. एका फेरीत ते जास्तीत जास्त दहा-एक मिनिटं ऐकू येतं. कधीकधी तिथून 145.800 वर चित्रं येतात आणि एक चित्र उतरायला दोन मिनिटं लागतात. एका रिसीव्हरची केबल सैल निघाली तर ती फेरी गेली; दुसरा चालू असेल तर चित्र हाती लागतं. जुलै 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी या स्थानकातून हॅम रेडिओवरच भारतातल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या.

अनेक रिसीव्हरनी एकच लहर ऐकण्याची किमया याहून मोठी आहे. एखादं विमान ओळख सांगतं पण जागा सांगत नाही. तेव्हा वेगवेगळ्या गावांतले चार रिसीव्हर तोच संदेश कधी पोहोचला हे नोंदवतात. लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते, म्हणून वेळेच्या फरकातून विमानाची जागा काढता येते. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण याच जातकुळीची. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, म्हणजे 435 जोड्या, आणि दर जोडीत लहर एकीकडे किती उशिरा आली याचा हिशेब. घरी दोन डोंगलना एकाच घड्याळावर चालवलं तर लहर कुठल्या दिशेनं आली याचा अंदाज टेबलावरच घेता येतो. मात्र दोन्ही अँटेनांमधलं अंतर अर्ध्या लहरीहून जास्त नको. 145 मेगाहर्ट्झला ते एक मीटरच्या किंचित वर भरतं.