पहिलीच्या दारात जन्मदाखला

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र पहिलीच्या मुलांबद्दल बोलला, तो तिसऱ्या भाषेच्या निमित्ताने. २९ जूनला सरकारने पहिलीपासून हिंदी शिकवण्याबाबतचे दोन्ही निर्णय मागे घेतले. पण रायगडमधल्या म्हसळा तालुक्यातल्या कातकरी वाडीवरचे मूल दाखल करताना पहिला प्रश्न भाषेचा नसतो. जन्म कधीचा, आणि त्याचा कागद कुठे आहे?

पूर्वी हा प्रश्न गुरुजीच सोडवत. डोक्यावरून घेतलेला हात पलीकडच्या कानाला लागला की मूल शाळेच्या वयाचे झाले. मग जनरल रजिस्टरात तारीख पडे १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, हिशेब सोपा. म्हणून तर सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी इतकी माणसे एकदम निवृत्त होतात. तारीख खोटी असे, पण मूल वर्गात बसे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १४ ने हाच शहाणपणा कायद्यात आणला. वयासाठी जन्मदाखला मागावा, पण पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर आईबापाचे लेखी निवेदन. कायद्यातली सर्वांत माणुसकीची ओळ हीच असावी.

तिला आता धोका आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखला, शाळाप्रवेशासाठीसुद्धा. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण, हा राज्याचा नियम लावला तर यातली पहिली मुले जून २०२९ मध्ये पहिलीत येतील. कलम १४ तेव्हाही पुस्तकात असेल. पण टेबलामागचा माणूस नव्या कायद्याकडे बोट दाखवेल, ही भीती खरी आहे.

रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल तिकडे जन्मले तर नोंद तिकडच्याच ग्रामपंचायतीत करायची, तीही २१ दिवसांत. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ज्या आईला भट्टी सोडली की त्या दिवसाची मजुरी बुडते, तिने हे कधी करायचे?

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेली ही मुले अजून पहिलीच्या वयाची झालेली नाहीत. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ती येतात, सेविकेच्या वहीत त्यांची नावे आहेत. ती वही घेऊन ग्रामसेवकाने पावसाळ्यात वाडीवर बसावे, इथे जन्मलेल्यांची नोंद, लागेल तिथे दंडाधिकाऱ्याचा आदेश घेऊन, पूर्ण करावी आणि बाहेर जन्मलेल्यांचे अर्ज त्या त्या पंचायतीकडे स्वतः पाठवावेत. तेव्हा वाडी घरी असते. दिवाळीनंतर तिथे फक्त म्हातारी माणसे भेटतील.