शीड उतरले, पुढे काय आले?



महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव नावाचे गाव आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ते ओळखले जाते. पण आज आपण झऱ्यांकडे पाठ करून नदीच्या पात्राकडे पाहू या. पाण्याच्या वाटेने येथून समुद्र ४० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही बाणकोटच्या मुखातून आत शिरलेले भरतीचे पाणी आंबेत, म्हाप्रळ, दासगाव असे करीत महाडच्या जवळपास येऊन पोहोचते. म्हणूनच डोंगरांच्या कुशीतले महाड हे एके काळी बंदर होते. ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आलेले ‘पालेपत्मै’ हे बंदर म्हणजे महाडजवळचे पाले असावे, असे काही विद्वानांचे मत आहे.

या वाटेने पूर्वी शिडाची गलबते, मचवे आणि पडाव ये-जा करीत. आज शीड दिसत नाही. मग ज्यांच्या मालकीची ती गलबते होती, त्या माणसांनी पुढे काय घेतले? आणि का घेतले? “इंजिन आले, वेग वाढला, शीड गेले” असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे शोधण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र आणि थोडा हिशेब लागेल.

वाऱ्याचे वेळापत्रक

शिडाच्या गलबताला इंधनाचा खर्च नव्हता, पण वेळेचा होता. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला आहात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, तो मतलई. पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, हे किनाऱ्यावरच्या शीडवाल्यांचे वेळापत्रक होते. ते सूर्याने आखून दिलेले होते.

खाडीत चंद्राचेही वेळापत्रक पाळावे लागे. भरतीबरोबर वर जायचे, ओहोटीबरोबर खाली यायचे. भरती केव्हा येणार हे सांगायला कोकणात एक सोपा नियम आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. सप्तमी असेल तर ७ ची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे साधारण सव्वापाच वाजता पूर्ण भरती. हा नियम तपासून पाहू या. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी जातात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ १२ तासांनी, म्हणजे ७२० मिनिटांनी पुढे सरकते. ७२० भागिले १५ बरोबर ४८ मिनिटे. पाऊणपटीचा नियम दर तिथीला ४५ मिनिटे धरतो. घड्याळ आणि कागद नसताना तोंडी करता येणाऱ्या हिशेबात तिथीमागे तीनच मिनिटांची चूक! मात्र हा नियम किनाऱ्यासाठी आहे. खाडीच्या वरच्या टोकाला भरतीची लाट पोहोचायला आणखी वेळ लागतो, म्हणून महाडच्या बाजूचा माणूस त्यात आपली भर घालणार.

आता अडचण पाहा. वारा समोरून असेल तर समुद्रात गलबत नागमोडी चालवून पुढे नेता येते. तिरप्या धरलेल्या शिडाच्या दोन बाजूंना दाबाचा फरक पडतो. त्यातून निर्माण होणाऱ्या बलाचा काही भाग गलबताला पुढे नेतो, तर काही बाजूला ढकलतो. बाजूच्या ढकलण्याला पाण्यात बुडालेला गलबताचा कणा विरोध करतो. पण अशी वळणे घेण्यासाठी जागा हवी. अरुंद खाडीत ती कोठून आणणार? तेथे वल्ही मारायची, लांब बांबू तळाला टेकून रेटा द्यायचा, नाही तर नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहायची. पावसाळ्यात तर गलबत किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायचे, ते नारळी पौर्णिमेपर्यंत.

शिडाची अश्वशक्ती किती?

समजा, गलबताचे शीड ४० चौरस मीटर आहे, वारा मागून सेकंदाला ६ मीटर वेगाने येत आहे आणि गलबत सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर वेगाने चालले आहे. शिडाला जाणवणारा वाऱ्याचा वेग ६ वजा २, म्हणजे ४ मीटर. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरा. वाऱ्याचा दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, याचा निम्मा. तो येतो चौरस मीटरला ९.६ न्यूटन. ४० चौरस मीटरांवर ३८४ न्यूटन. याला गलबताच्या २ मीटर वेगाने गुणले की शक्ती मिळते : ७६८ वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एवढे मोठे शीड, आणि शक्ती जेमतेम एका घोड्याची!

आता त्याच गलबतात १० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवू. पंखा फिरवताना निम्मी शक्ती वाया गेली असे मानले तरी ३,७३० वॅट उरतात. म्हणजे शिडाच्या जवळजवळ पाचपट. मग वेगही पाचपट होईल का? नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. पाचाचे घनमूळ सुमारे १.७. वेग वाढला तो इतकाच : सेकंदाला २ मीटरांऐवजी ३.४ मीटर, ताशी साधारण १२ किलोमीटर. गलबत स्वतःच्या लाटा उठवू लागले की प्रत्यक्षात त्याहून कमीच.

४० किलोमीटरांच्या वाटेला चांगल्या वाऱ्यावर साडेपाच तास लागत असतील, तर इंजिनाने सव्वातीन तास लागतात. ही बचत काही चमत्कार नव्हे. चमत्कार दुसराच आहे. वारा नसला, उलटा असला, भरती चुकली, तरीही ते सव्वातीन तासांच्या थोडे पुढेमागेच. शीडवाल्याचा दिवस, कधी दोन दिवस, वाट पाहण्यात जात असे. इंजिनाने मालकाला वेग थोडा आणि वेळेची खात्री पुष्कळ दिली. त्याने पैसे मोजले ते या खात्रीसाठी.

कोणी काय घेतले?

ही खात्री प्रवाशांना आधी मिळाली, ती आगबोटीने. २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने सहकाऱ्यांसह निघाले. दुसऱ्या दिवशी ते दासगाव बंदरावर उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. शेकडो माणसांनी ठरल्या दिवशी पोहोचायचे असेल तर वाऱ्यावर विसंबून भागत नाही. पण वाफेचे इंजिन, बाष्पपात्र आणि कोळसा यांना जागा फार लागे. छोट्या मालकाला ते परवडणारे नव्हते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले आणि पुढे ते आकाराने लहान होत गेले, तेव्हा कोठे यंत्र मचव्यात मावले.

स्वातंत्र्यानंतर कोकण किनाऱ्यावर अनेकांनी जुन्याच गलबतात इंजिन बसवले आणि डोलकाठी तशीच ठेवली. यंत्र बंद पडले तर शीड हाताशी असावे, हा हेतू. १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यानेही इंजिन बसवलेल्या, पण केवळ शिडावर चालू शकणाऱ्या गलबताला ‘शिडाचे जहाज’च म्हटले होते. मात्र शिडासाठी बांधलेले गलबत इंजिनाला पुरते मानवत नाही. मागे पंख्याला जागा करावी लागते, दांड्यासाठी भोक पाडावे लागते, इंजिनाच्या थरथरीने फळ्यांचे सांधे सैल होतात. म्हणून नवी बोट बांधताना तिचा मागचा भाग रुंद झाला, तळातले निरम, म्हणजे तोल राखण्यासाठी भरलेले वजन, कमी झाले आणि डोलकाठी हळूहळू नाहीशी झाली. मासेमारी करणाऱ्यांनी अशा बोटी घेतल्या.

कोणी फायबरची हलकी होडी घेऊन तिला मागे लटकणारे इंजिन लावले. काचतंतू आणि रेझीन यांची ही होडी गळत नाही. लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा, जो खरे तर शिंपल्यांचा भाऊबंद आहे, तिला खात नाही. शिवाय ती उथळ पाण्यात चालते आणि गाळ साचत जाणाऱ्या खाडीत हा मोठाच गुण. पण लाकूड शेवटी कुजून मातीत जाते, फायबर जात नाही. सावित्रीच्या खाडीत वाळू काढण्यासाठीही होड्या लागल्या : आधी बुडी मारून हातपाटीने वाळू काढणाऱ्यांच्या, नंतर सक्शन पंपाच्या. खाडीच्या मुखाशी बागमांडला आणि वेश्वी यांच्यामध्ये आता मोटारीही वाहून नेणारी फेरीबोट चालते. तिला लोक ‘जंगलजेटी’ म्हणतात.

आणि मालवाहू गलबतांचे काय? त्यांचा माल मुख्यतः रस्त्याने जाऊ लागला. मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक धावू लागले आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. तेव्हा गलबतानंतर कोणती बोट आली, याचे एक खरे उत्तर ‘चाकांची’ असेही आहे.

खात्रीची किंमत

विज्ञानात फुकट काही मिळत नाही. १० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण शक्तीने चालले तर तासाला सुमारे २ लिटर डिझेल घेते. एका लिटरमध्ये सुमारे ३६ दशलक्ष ज्यूल ऊर्जा असते आणि तिचा तिसरा हिस्साच कामी येतो. आपल्या ४० किलोमीटरांच्या फेरीला जवळजवळ ७ लिटर लागले. पूर्वी हा आकडा शून्य होता. मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा देण्याची पाळी सरकारवर आली, यावरून या खर्चाचे ओझे लक्षात येईल.

दुसरी किंमत अधिक विचार करण्याजोगी आहे. पावसाळ्यात शिडाची बोट समुद्रात जाऊच शकत नसे आणि माशांना विणीसाठी उसंत मिळे. इंजिनाची बोट जाऊ शकते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना पावसाळ्यात ६१ दिवस मासेमारी बंदीचा नियम करावा लागला. जी बंदी पूर्वी वारा घालत होता, ती आता कायद्याला घालावी लागते.

पुढची बोट

मग परत शिडाकडे जायचे का? मोठ्या जहाजांवर तसा प्रयत्न सुरू आहे. २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ हे मालवाहू जहाज ३७.५ मीटर उंचीची दोन कडक, विमानाच्या पंखासारखी शिडे उभारून चीनहून ब्राझीलला गेले. त्यात इंजिनही होते. शिडे त्याचा भार हलका करीत होती. खाडीसाठी मात्र दुसरे उदाहरण जवळचे वाटते. केरळात वैकम येथे २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर बोट चालते.

सौर तावदान एका चौरस मीटरमागे भर दुपारी सुमारे २०० वॅट देते. आपल्या १० अश्वशक्तीला अशी ३७ चौरस मीटर तावदाने लागतील. होडीवर एवढी जागा नाही. पण घनाचा नियम आठवा. वेग निम्मा केला तर शक्ती एक-अष्टमांश पुरते. म्हणजे तावदाने ५ चौरस मीटरांहूनही कमी! वेळ दुप्पट लागेल. पण ज्याने भरतीचे गणित करून प्रवाहाची साथ घेतली, त्याचा तोही बराचसा भरून निघेल. इंजिनाने जी घाई शिकवली ती किती हवी आणि जुन्या तांडेलाचे शहाणपण किती हवे, हे पुढची बोट बांधणाऱ्यांना ठरवावे लागणार आहे. ते ठरवणारे तुमच्यापैकीच कोणी असतील.

तोपर्यंत एक काम करा. तुमच्या गावाजवळ खाडी असेल तर पंधरा दिवस रोज भरतीची वेळ आणि तिथी वहीत टिपा. वेळ उभ्या अक्षावर आणि तिथी आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढा. आलेखाची रेषा तिथीमागे किती मिनिटे चढते ते मोजा : ४५ की ४८? आणि ज्यांच्या घरी पूर्वी गलबत होते असे कोणी आजोबा गावात असतील, तर पाऊणपटीत ते किती भर घालीत असत, ते त्यांना विचारून त्याच वहीत लिहून ठेवा. तुमच्या ठिकाणचा तो आकडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नाही.