बाणाची काडी सरळ करण्याची रीत

सातपुड्यातील भिल्ल वस्त्यांत तिरकमठ्याच्या बाणाची काडी घरीच घडविली जाते. वन्य प्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने निषिद्ध असल्याने बाण नेमबाजीपुरताच असावा, हे ग्रामसेवकांनी आवर्जून सांगावे.

कोवळ्या बांबूची काडी सुकताना सुरकुतते. त्यातील पिष्टमय अंशामुळे भुंगेरेही लवकर लागतात. म्हणून पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात, बारीक पण पक्व बांबू तोडून सावलीत वाळवावा.

खरे काम त्यानंतरचे. काडी एका डोळ्यासमोर धरून फिरविली म्हणजे बाक कोठे आहे ते कळते. तेवढाच भाग निखाऱ्यांवर, ज्वाळेवर नव्हे, सतत फिरवीत तापवावा. उष्णतेने तंतूंना जोडणारे द्रव्य मऊ होते. मग बाकाच्या उलट दिशेस किंचित अधिक वाकवून काडी थंड होईपर्यंत तशीच धरावी. येथे घाई करणाऱ्याची काडी पुन्हा वाकते. आधी पेरे सरळ करावीत, मग गाठी. गाठ मोठी हट्टी असते. काळवंडलेली काडी ठिसूळ झाली असे समजावे.

बारीकशीही चीर दिसल्यास काडी टाकून द्यावी. बाण सोडताना ती दुभंगली तर धनुष्य धरलेल्या हातातच घुसते.