धानाची अळी, कोशाची अळी



मार्कंडा, चामोर्शी, आरमोरी या वैनगंगेच्या पट्ट्यात बांधीत धान आणि ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा, अशी दोन्ही पिके होतात. धानावरची अळी आपली वैरी, कोशाची अळी आपली लक्ष्मी. पण दोघींच्या अंगातला कारभार एकच. तो समजला म्हणजे एकीला आवरता येते, दुसरीला जपता येते.

अळी वाढते, पण तिची कातडी वाढत नाही. म्हणून तिला कात टाकावी लागते. ती केव्हा टाकायची, हे अंगातले दोन रस ठरवतात. त्यांना संप्रेरके म्हणतात. पहिला रस कात टाकायला लावतो. दुसरा बाळपण टिकवतो. दुसरा भरपूर असेल तोवर कात टाकूनही अळी ती अळीच. तो आटला की अळीचा कोष होतो आणि पुढे कोषाचा पतंग.

हे रस असतात किती? 1954 साली जर्मनीत बुटेनांट व कार्लसन या शास्त्रज्ञांनी रेशीमकिड्यांच्या 500 किलो कोशितांतून पहिला रस वेगळा काढला. मिळाला अवघा 25 मिलिग्रॅम!

कोशाची अळी चार वेळा कात टाकते. त्या वेळी ती खाणे सोडून फांदीला घट्ट धरून बसते. ती आजारी नसते, बरं का! तिला हात लावू नका, दुसऱ्या झाडावर हलवू नका. कात टाकून खाऊ लागली, की मग हलवा.

आता धानाकडे वळू. निंबोळीतले कडू द्रव्य कात टाकण्याच्या या रसात बिघाड करते. अळी कातीतच अडकून मरते. 5 किलो निंबोळीची भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. गाळून घ्या, 200 ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा आणि एकूण 100 लिटर द्रावण करा. अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी फवारा. उन्हात अर्काचा जोर जातो. दुसऱ्याच दिवशी अळ्या मेल्या नाहीत म्हणून औषध वाया गेले असे समजू नका. परिणाम दिसायला काही दिवस लागतात.

एक मात्र विसरू नका. हा अर्क वैरी आणि लक्ष्मी ओळखत नाही. बांधावरच्या ऐनावर कोसा असेल, तर त्या बाजूला फवारू नका आणि वारा झाडांकडे वाहत असताना पंप हाती घेऊ नका. शेजाऱ्याचा कोसा असेल तर त्याला आधी सांगा. नाहीतर धान वाचेल, पण हंगामाचा कोसा जाईल.