उंदराची आठवण

1994 च्या पावसाळ्याच्या अखेरीस शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावी, गाठीच्या प्लेगची बातमी फुटली. पाठोपाठ सुरतेहूनही तसल्याच बातम्या येऊ लागल्या आणि आम्हा देवणीकरांची झोप उडाली. किल्लारीच्या भूकंपाला जेमतेम वर्ष होत होते. माळवदाखाली झोपायची धास्ती अजून पुरती गेली नव्हती, तोच माळवदातल्या उंदरांची धास्ती सुरू झाली. कणगीत ज्वारी आणि कणगीभोवती रात्रभर खुडबुड, हे तोवर आम्ही गृहीतच धरले होते.

मी बाजारातून झिंक फॉस्फाईडची पुडी आणली. जस्त आणि फॉस्फरस यांचे हे संयुग. काळपट राखाडी रंगाची, लसणासारख्या वासाची पूड. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. पिठात पूड कालवून गोळ्या केल्या आणि कोनाकोपऱ्यात ठेवल्या.

पहिल्या रात्री सात उंदीर मेले, दुसऱ्या रात्री दोन. तिसऱ्या सकाळी गोळ्या जशाच्या तशा, ज्वारी मात्र खाल्लेली! मी चिडून विष दुप्पट केले. त्या गोळ्यांना तर कोणी हुंगूनसुद्धा पाहिले नसावे. आमचा म्हातारा सालगडी शांतपणे म्हणाला, "मालक, एकदा वाचलेला उंदीर पुन्यांदा घावत नसतो. अन् तो बाकीच्यास्नी सांगतो बगा." मी हसण्यावारी नेले.

पुढे या विषयावरचे वाचन हाती आले तेव्हा कळले, की म्हातारा निम्मा बरोबर होता.

उंदराला उलटी होत नाही. पोटात गेलेले विष बाहेर फेकण्याची सोय त्याला निसर्गाने दिलेली नाही. म्हणून तो आधीच सावध असतो. नवा पदार्थ दिसला की नुसता कुरतडून बघतो. हे विष काही तासांत गुण दाखवू लागते. थोडेच खाल्लेला उंदीर तडफडतो, पण जगतो, आणि त्या चवीला पुन्हा कित्येक आठवडे तोंड लावत नाही. मी विष दुप्पट केले म्हणजे वास नि चव दुप्पट केली, एवढेच!

याचे कोडे अमेरिकेतील जॉन गार्सिया यांनी उलगडले. 1966 मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट कोलिंग यांनी एक साधा पण नामी प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर गोड पाणी प्यायला लागला की दिवा चमके आणि टकटक आवाज होई. काही उंदरांना नंतर आजारी पाडले, काहींना विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी गोड चव टाळली. दिव्याचे आणि आवाजाचे त्यांना काही वाटले नाही. झटका बसलेल्यांचे नेमके उलटे झाले. म्हणजे पोट बिघडले की उंदराचा मेंदू जिभेवर संशय घेतो, डोळ्या-कानांवर नाही. आणि खाणे व दुखणे यांत तासांचे अंतर पडले तरी तो दोन्हींची सांगड घालतो.

प्रयोगशाळांत या कामासाठी लिथियम क्लोराईड हे आणखी एका धातूचे क्षार फार वापरले गेले. त्याने उंदीर मरत नाही, पण मळमळतो. मेंदूच्या बुडाशी एक लहानसा भाग आहे. तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत विरळ असल्याने रक्तातले विष त्याला लगेच कळते. हा भाग काढून टाकलेले उंदीर लिथियमने आजारी पडल्यावरही चवीचा धडा नीट शिकत नाहीत. जिभेकडून आणि पोटाकडून येणारी वार्ता त्याच्या लगतच एकत्र येते, हे लक्षात घेतले तर नवल वाटायला नको.

आता म्हाताऱ्याचे निम्मे चुकले ते कुठे? उंदीर एकमेकांच्या तोंडाचा वास घेऊन काय खावे हे शिकतात खरे. पण आजारी सोबत्याकडून काय खाऊ नये, हे शिकत नाहीत. तो धडा ज्याचा त्याने आपल्या पोटाने घ्यायचा. आमच्या घरात बरेच पदवीधर तयार झाले होते आणि त्यांची शाळा मीच चालवली होती!

ती शाळा बंद पडली ती मात्र वेगळ्याच कारणाने. धाकट्या भावाची तीन वर्षांची मुलगी मूठ घट्ट मिटून अंगणात बसलेली आईला दिसली. मुठीत गोळी होती. तोंडात घातली नव्हती. या वायूवर उतारा नाही, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. आईला तर नाहीच. तिने मुलीचे हात तीन वेळा धुतले आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी सुगीनंतर आम्ही रीतसर केले. भरडलेल्या ज्वारीला तेलाचा हात लावून, विष न घालता, तीन दिवस बिळांत टाकली. सालगडी कुरकुरला, "उंदरांचं लगीन हाय का मालक?" चौथ्या दिवशी 48 भाग ज्वारी, एक भाग तेल, एक भाग पूड, काठीने कालवून, हात न लावता, बिळाच्या आत. त्याआधी बिळांच्या तोंडाशी पिसवा मारायची भुकटी टाकली, कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणूस शोधत निघतात, आणि प्लेग आणणाऱ्या खऱ्या त्याच.

सकाळी सालगड्याने मेलेले उंदीर फावड्याने गोळा केले आणि खोल खड्ड्यात पुरले. उरलेले आमिषही त्यातच टाकले. आई ओसरीवर उभी राहून खड्डा बुजेपर्यंत बघत होती.