बडोद्याचे अदृश्य भांडवल

भांडवल म्हणजे तिजोरीतील रोकड, वखारीतील माल आणि बाजारातील पत, एवढेच आम्ही व्यापारी जाणतो. शहराशहरांतील चढाओढीत मात्र आणखी एक भांडवल खेळत असते, आणि त्याचे खाते कोणत्याही खतावणीत सापडत नाही. विद्वान लोक त्यास बौद्धिक भांडवल म्हणतात. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. म्हणून ज्या बडोद्यात आमची धान्याची पेढी आहे, त्याच शहराच्या उदाहरणाने हा विषय वाचकबंधूंपुढे ठेवतो.

बडोद्यास मुंबईसारखे बंदर नाही. अहमदाबादेइतक्या गिरण्याही येथे कधी नव्हत्या. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी पैसा घातला तो माणसांच्या डोक्यांत. 1890 साली त्यांनी कलाभवन काढले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा कटाक्ष असा की, रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे सारे देशी भाषेतून शिकवावे. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या मुलाने दाराबाहेर का राहावे? पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. 1906 साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सबंध राज्यात लागू झाले. 1910 साली बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणवून महाराजांनी ग्रंथालयांची व्यवस्था लाविली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. आपल्या पूर्वजांनी पाटणच्या ज्ञानभांडारांत जतन केलेली हस्तलिखितेही याच राज्याच्या आश्रयाने 1916 पासून ग्रंथमालेत छापून निघू लागली.

याचे व्याज मिळावयास फार काळ लागला नाही. 1907 साली अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना निघाला, त्याच्या स्थापनेत गज्जरांचा हात होता. 1908 साली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. 1949 साली विद्यापीठ आले. औषधे व रसायने यांत या शहराने जे नाव मिळविले, त्याचे मूळ त्या वर्गखोल्यांत आहे, असे आमचे मत आहे.

परंतु जमेची बाजू सांगून नावे लपविणे व्यापाऱ्यास शोभत नाही. 1913 साली ज्या बुद्धिमान तरुणास महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडिले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली नोकरीसाठी बडोद्यास आले. जातीमुळे त्यांना राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहात ते राहिले, तेथूनही त्यांना दमदाटी करून बाहेर काढण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत ते शहर सोडून गेले. राज्याने लाविलेले भांडवल गावाने हाकलून दिले.

हे लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण आमच्या पेढीवरही लहान प्रमाणात तेच घडले. आमच्या जुन्या दिवाणजींना दाणा दातांत धरताच ओल कळे. मूठभर तूर हातावर खेळवून ती कोणत्या भागातली, ते सांगत. त्यांच्याजवळ उभे राहून एका हमालाचा मुलगा ही पारख शिकला. 2009 साली दिवाणजी वारले. त्याच गादीवर त्या मुलास बसवावे, असे आमच्या धाकट्या बंधूंनी सुचविले. बाजारात लोक काय म्हणतील, या विचाराने आम्ही चालढकल केली. तो इंदूरच्या एका पेढीवर गेला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही स्वतः पारखून हरभऱ्याची 60 पोती घेतली. आत ओल होती. भुंगा लागून माल मातीमोल झाला. नुकसान भरून निघाले. पण तशी पारख करणारा माणूस आजतागायत आम्हांस मिळाला नाही.

आपल्या संघाकडे सभागृहाच्या फरशीसाठी राखलेली रक्कम आहे. तीतून आडतीवरील मुलांसाठी, मग ती कोणत्याही जातीची असोत, पारख व हिशेब यांचा वर्ग काढावा, असा ठराव आम्ही येत्या सभेत मांडणार आहोत. जुनी फरशी आणखी दहा वर्षे सहज टिकेल.

गेल्या दिवाळीत तो मुलगा, आता चाळिशीचा गृहस्थ, भेटावयास आला होता. वर्षातून महिनाभर येऊन या वर्गात शिकवाल काय, असे आम्ही त्यास विचारले. आजवर आम्ही त्यास एकेरीच हाक मारीत असू. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “शेठजी, मालकांना विचारून कळवितो.” त्याच्या पत्राची आम्ही वाट पाहत आहोत.