दाहातील श्वेतपेशी : रूपक आणि वस्तुस्थिती

बोटात काटा मोडला आणि तो पुरता निघाला नाही, की दोन दिवसांत ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची हीच चार लक्षणे नोंदविली होती. मराठी बोलीत या प्रक्रियेचे पुढचे वर्णन 'पू धरणे', 'गळू पिकणे' अशा शब्दांनी होते. म्हणजे फळासारखी पक्व होऊन आपल्या वेळेने फुटणारी व संपणारी घटना, अशी तिची कल्पना केलेली असते. याउलट आधुनिक आरोग्यविषयक लेखनात रक्तातील पांढऱ्या पेशींना 'शरीराचे सैनिक' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या दोन रूपकांपैकी वस्तुस्थितीच्या अधिक जवळ कोणते, हा प्रश्न केवळ अलंकारविचाराचा नाही. दाह कोठवर उपकारक असतो आणि कोठून मारक होतो, याविषयीची आपली समज त्यावर अवलंबून असते.

पू हा मुख्यतः पांढऱ्या पेशींचाच बनलेला असतो. पण त्या पेशी तेथे कोठून येतात, हे दीर्घकाळ निश्चित नव्हते. १८६७ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम याने बेडकाच्या आतड्याजवळील पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि तिच्यातून बाहेर पडतात, हे त्याच्या निरीक्षणामुळे सर्वमान्य होऊ लागले. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. पेशी परक्या वस्तूकडे जातात आणि तिला गिळू पाहतात, या त्याच्या सिद्धांताचा उगम येथे आहे. त्याच सुमारास पाउल एर्लिख रंगद्रव्यांच्या साहाय्याने श्वेतपेशींचे प्रकार वेगळे करीत होता. ज्या पेशींतील कण उदासीन रंगाने रंगत, त्यांना 'न्यूट्रोफिल' हे नाव मिळाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले. संसर्गाच्या जागी सर्वांआधी मोठ्या संख्येने पोहोचणाऱ्या पेशीचे नाव 'उदासीन' या अर्थाच्या शब्दावरून पडावे, हा रंगकामाचा योगायोग होय.

प्रौढ माणसाच्या रक्तातील श्वेतपेशींपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जा त्या दररोज सुमारे १०,००० कोटी इतक्या संख्येने तयार करते, आणि रक्तात आल्यावर त्यांचे आयुष्य सामान्यतः तासांतच मोजावे लागते. ऊतकात जंतू शिरले, की तेथे आधीपासून वस्तीला असलेल्या पेशी रासायनिक संकेत सोडतात. त्यामुळे जवळच्या सूक्ष्म शिरांच्या आतल्या अस्तरावर 'सिलेक्टिन' नावाची प्रथिने उगवतात. वेगाने वाहणारी न्यूट्रोफिल पेशी त्यांना ओझरती अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि अशी गडगडत मंदावते. मग तिच्या पृष्ठभागावरील 'इंटेग्रिन' प्रथिने जागृत होऊन ती घट्ट चिकटते, भिंतीवरून सरपटते आणि अस्तरातील पेशींच्या सांध्यातून बाहेर पडते. तिचे केंद्रक अनेक खंडांचे व लवचीक असल्यामुळे तिला अरुंद फटीतून निसटणे साधते.

या साखळीतील एक कडी तुटली तर काय होते, हे काही दुर्मीळ जन्मजात विकारांत दिसते. इंटेग्रिनमध्ये दोष असलेल्या बालकांची नाळ उशिरा गळते. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल विपुल असतात, परंतु जखमेत पू होत नाही आणि संसर्ग वारंवार बळावतो. पू नसणे हे येथे आरोग्याचे नव्हे, तर आजाराचे लक्षण ठरते. १९९२ साली वर्णिलेल्या दुसऱ्या एका प्रकाराचा संबंध मुंबईच्या नावाशी पोहोचतो. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत 'बॉम्बे' रक्तगट प्रथम नोंदविला. त्यात तांबड्या पेशींवरील 'एच' हा शर्करायुक्त घटक नसतो. हा घटक पुरा होण्यास फ्यूकोज ही शर्करा लागते, आणि सिलेक्टिनला अडकण्यासाठी न्यूट्रोफिलवर जी खूण असावी लागते तिलाही तीच लागते. शरीरातील फ्यूकोजचा व्यवहारच बिघडला, तर रक्तगट बॉम्बे होतो आणि न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीवर मंदावूही शकत नाहीत. नेहमीच्या बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींत मात्र केवळ 'एच' घटकापुरताच दोष असतो. त्यांच्या श्वेतपेशी व्यवस्थित काम करतात.

वाहिनीबाहेर आलेल्या पेशीला कोणी आज्ञा देत नाही. एखाद्या रसायनाची दाटी कोणत्या बाजूला अधिक आहे, एवढेच ती आपल्या अंगावरील ग्राहकांनी पारखते. त्या बाजूला तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा आकुंचन पावतो, आणि ती मिनिटाला सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीएवढी, सरकते. वाटेत अनेक संकेत एकाच वेळी येतात. शरीरातील इतर पेशींनी दिलेल्या संकेतांपेक्षा प्रत्यक्ष जंतूपासून निघालेल्या संकेताला ती अग्रक्रम देते. जंतूंच्या प्रथिनांचा आरंभ 'फॉर्मिल मेथिओनिन' या विशिष्ट घटकाने होतो; तीच तिच्या दृष्टीने जंतूची खूण.

परंतु ही खूण एकार्थी नाही. आपल्या पेशींतील मायटोकाँड्रिया हे प्राचीन जंतूंचे वंशज असून त्यांची प्रथिनेही त्याच घटकाने सुरू होतात. मोठ्या अपघातात पेशी चिरडल्या, की मायटोकाँड्रियाचे अवशेष रक्तात मिसळतात आणि जंतू नसतानाही न्यूट्रोफिल चेततात, असे २०१० साली दाखविण्यात आले. एकच चिन्ह दोन संदर्भांत दोन अर्थ देते आणि वाचणाऱ्याला संदर्भ कळत नाही, अशी ही स्थिती आहे. 'शत्रू' आणि 'स्वकीय' ही सैनिकी विभागणी येथे अपुरी पडते.

जखमेपाशी आधी पोहोचलेल्या काही पेशी मरतात, आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी 'ल्यूकोट्राइन बी-४' हे द्रव्य सोडून आणखी पेशींना बोलावतात. मधमाश्यांच्या मोहोळासारखा हा जमाव उंदरांच्या ऊतकात कसा जमतो, याचा उलगडा २०१३ साली झाला. त्याहून महत्त्वाचा शोध २०२१ चा. जमाव दाटला, की त्यातील पेशी आपल्याच हाकेला बधिर होतात आणि थांबतात. बधिर करणारे प्रथिन ज्या उंदरांच्या न्यूट्रोफिलमधून काढून टाकले, त्यांच्या पेशी अधिक धावल्या, अधिक जमल्या. जंतूंना आवर मात्र त्यांना कमी घालता आला. थांबल्याखेरीज जागा धरता येत नाही आणि जंतू गिळता येत नाहीत.

न थांबण्याची किंमत ऊतकालाही द्यावी लागते. न्यूट्रोफिल जंतूंना गिळते, त्यांच्यावर तीव्र ऑक्सिजन-संयुगे व पाचक विकरे सोडते, आणि प्रसंगी स्वतःच्या डीएनएचे धागे जाळ्यासारखे बाहेर फेकते. या जाळ्यांचा शोध २००४ सालचा. यांतील कोणतेही साधन केवळ जंतूपुरते मर्यादित राहत नाही. तीव्र श्वसनविकारात फुप्फुसाच्या आणि संधिवातात सांध्याच्या हानीला याच पेशी हातभार लावतात. 'रोगापेक्षा इलाज भयंकर' ही म्हण येथे अक्षरशः खरी होते. म्हणून दाहाचा शेवट ही आपोआप विझण्याची गोष्ट नसून तिलाही स्वतंत्र यंत्रणा आहे. काम झालेली पेशी नियमबद्ध रीतीने मरते, महाभक्षक पेशी तिला गिळतात, आणि दाह शमविणारी स्निग्ध द्रव्ये तयार होऊ लागतात. काही न्यूट्रोफिल जखमेपासून परतही फिरतात. झेब्रामाशाच्या पारदर्शक पिलांत हे २००६ साली पाहण्यात आले.

हे सारे ध्यानात घेता सैनिकाचे रूपक निरुपयोगी नाही. पेशीची तत्परता व संहारशक्ती ते नेमकी सांगते. परंतु सेनापतीवाचून घडणारा हा समूहव्यवहार त्यात दिसत नाही, आणि 'सैन्य जितके अधिक तितके उत्तम' अशी चुकीची समजूत मात्र त्यातून निघते. 'पिकणे' या जुन्या क्रियापदाला पेशींची माहिती नव्हती. तरीही दाहाला आरंभ, भर आणि शेवट असतो, आणि शेवट लांबणे हाच विकार, हे त्यात अनुस्यूत आहे. भारतीय भाषांत वैद्यकीय ज्ञान आणताना परिभाषेइतकीच या क्रियापदांचीही पारख करणे अगत्याचे आहे. कारण सांधा सुजलेला रोगी आपल्या शरीरात काय चालले आहे याचा विचार परिभाषेत नव्हे, तर अशाच क्रियापदांत करीत असतो.